कोणासाठी, ते न विचारता

अकोट,
१२ ऑगस्ट २०२५

लाडक्या उज्मा बेटीस अम्मीचा सलाम आणि पुष्कळ दुआ.

आम्ही सगळे खुशाल आहोत. पाऊस ठीक आहे, माझे गुडघे ठीक नाहीत, आणि तुझा भाऊ शाकीब कालपासून तोंड फुगवून बसलाय. नांदगाव पेठेच्या कंपनीत तुझी शिलाई कशी चालली आहे? जेवतेस ना वेळेवर? फोनवर मी काही बोलायला गेले की तू "अम्मी, शिफ्ट आहे" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. कागदाला शिफ्ट नसते.

स्टँडजवळ ते बांगड्या-कानातल्यांचं मोठं दुकान उघडलं आहे. प्रत्येक शहरात म्हणे त्यांचं एक दुकान असतं. काचेचे दरवाजे, गार हवा, पाकिटात बंद बांगड्या, दोनवर एक फुकट. यंदा श्रावणात आपल्या बांगड्यांच्या दुकानात निम्म्याच बायका आल्या. शाकीब म्हणतो, आपणही एसी लावू, पाकिटं ठेवू. मी म्हटलं, लाव बाबा! आपण त्यांच्यासारखेच दिसलो तर लोक त्यांच्याकडेच जातील की.

आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथली पोरगी पाकीट देते आणि पैसे घेते. आपण बाईचा हात हातात घेतो, अंगठ्याखालचं हाड दाबतो, बोटं जुळवतो आणि बांगडी अलगद चढवतो. चढवताना फुटली तर नुकसान आपलं. भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईंचे हात इतके राठ, की पाकिटातलं कुठलंच माप त्यांना चालत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, "हलीमाबी, तुयापाशी हात देल्याशिवाय मले सन आल्यासारखा वाटतच नाई." मी केवढी खूश झाले होते!

त्याच तोऱ्यात मी ते दुकान बघायला गेले. कोपऱ्यात रागिणी उभी होती, शेषराव फुलवाल्यांची सून. तिचा नवरा गोपाल मागच्या वर्षी अपघातात गेला. एक बांगडी ती स्वतःच हातात कोंबत होती. कातडी सोलली होती. आणि आयुष्यभर दुकानात बसून जे तोंडून निघतं, तेच माझ्या तोंडून निघालं. "काहून वं रागिणी, कोनासाठी घेऊन राहिली?"

आपण सगळ्यांनाच विचारतो ना? नवरीला हिरव्या, लहान मुलीला वेगळ्या, म्हणून विचारावंच लागतं. तिने बांगडी काढून ठेवली. खाली बघून म्हणाली, "चाची, इथं कोनी इचारत नाई. म्हनून तं इथं आली."

बेटा, गावातल्या सगळ्या बायका मला माहीत आहेत, हीच माझी मिजास. आणि ती पोरगी नेमकी त्यालाच घाबरत होती. मी तिला बाहेर गाठलं आणि म्हटलं, "उद्या ये मायापाशी. काईच नाई इचारत."

आली. भर दुपारी आली. तिने मोरपंखी रंग दाखवला, मी हात धरला. मनकर्णाबाई तिथेच होत्या. "अवं, पन हिले..." असं त्यांचं सुरू झालं, तशी मी म्हटलं, "मनकर्णाबाई, तुमचा नंबर मंग हाय." रागिणी हसली. मग बराच वेळ रडली, आणि मी तिचा हात सोडला नाही. हे कुठल्या पाकिटात मिळत नाही, आणि खरं सांगू, आजवर आपल्या दुकानातही मिळत नव्हतं.

गावात बोभाटा झाला. देवरावांच्या मुलीचं दिवाळीनंतर लग्न आहे, चुडा भरायला मलाच सांगितलं होतं. काल निरोप आला, दुसरीकडे बघतो. ज्या हातांनी विधवेला बांगड्या भरल्या, त्या हातांनी नवरीचा चुडा नको म्हणे. शाकीबचं तोंड त्याचसाठी फुगलंय. लग्नाचे चुडे गेले तर दुकान चालवणं कठीण आहे, हे मलाही कळतं. पण रागिणीनंतर अजून दोन बायका आल्या, दोघी वेगवेगळ्या वेळी, एकेकट्या. मी त्यांनाही काही विचारलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या साजिदमियाँना जाऊन दोन वर्षं होत आली. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत कधीच संपली, आणि त्यानंतर आपल्या धर्मात बांगड्यांना मनाई नाही. तरी ईदला तू आलीस आणि बाह्या बोटांपर्यंत ओढून मागच्या खोलीतच बसून राहिलीस. पुढे दुकानात मी दिवसभर परक्या बायकांचे हात धरत होते. तुझा हात धरावासा वाटत होता गं, फार वाटत होतं. लोक काय म्हणतील म्हणून धरला नाही.

लोकांचं म्हणून झालं आहे. रविवारी एसटीने ये. मागच्या दाराने येऊ नकोस, पुढे माझ्यासमोर बस, सगळ्या बाजाराला दिसू दे. रंग तुझ्या मनाचा. आणि बांगड्या नसतील घालायच्या तर नको घालूस.

हात तेवढा दे.

दुकान उघडं ठेवून बसलेली,
तुझी अम्मी