अकरा पोरांची मावशी, एकाची आत्ती

चि. अमृत यास हरणाआक्काचा पोटभर आशीर्वाद. तू, राणी आणि धाकटी सोनिया सांगलीत खुशाल असाल असं मी धरून चालले आहे. नसलात तर कळवायचं काम तुमचं होतं. इकडं आम्ही बरे आहोत. माझे गुडघे बोलतात, पण माझ्याइतके नाही. तुझ्या दाजींना ऐकायला आणखी कमी येतंय (तीस वर्षं गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार), त्यामुळं ते पहिल्यापेक्षा सुखात आहेत. पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण मी बोलायला लागले की तू फोन खाटेवर ठेवतोस आणि मधनंमधनं नुसतं हूं म्हणतोस, हे राणीनं मला सांगितलंय. कागदाला हूं म्हणून भागत नाही. मी पाचवीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे, लागेल तेवढा वेळ लाव, पण सगळं वाच.

विषय तुझ्या ऋषिराजचा आहे. दोन वर्षांमागं "आक्का, हा हातातनं चाललाय, तूच ह्याला सरळ कर" असं म्हणून तू पोराला माझ्या दारात उतरवलंस आणि त्याच एसटीनं परत गेलास (चहा ओतून ठेवला होता, तो दाजींनी प्याला). ते पोरगं आता नववीला आहे आणि त्याची नववी जायची वेळ आली होती. अर्धी वाचली आहे, अर्धी अजून लटकलेली आहे. चूक कुणाची ते पुढं येईलच, मी लपवणार नाही. पण मधनंच सांगितलं तर तुला काही कळायचं नाही, म्हणून दिवाळीपासनं सांगते.

आमची गिरण हायस्कुलाच्या फाटकासमोरच. शाळेला येताना पोरं दळणाचे डबे टाकून जातात, सुटल्यावर पीठ घेऊन जातात, त्यामुळं वस्त्यावस्त्यांवरची सगळी पोरं मी डब्यावरनं ओळखते. दिवाळी झाली, मेंढरंवाली माणसं मेंढरं घेऊन उसाच्या मुलखात गेली, आणि दोन-तीन दिवसांनी वरच्या वस्तीवरचा विश्वजित बाजरीचा डबा घेऊन आला तो डबा खाली ठेवीनाच. म्हणाला, "मावशी, उद्या हेडसरांनी पालकाला बोलीवलंय. आई-बापू मेंढरामागं. तुमी माझी मावशी म्हणून येता का? बोलायचं काय न्हाई, फकस्त मान हलवायची." आता मला बोलू नको असं सांगून आजवर कुणी कुठं नेलंय का. पण त्या दिवशी गिरणीच्या झिजलेल्या दगडाला टाकी देऊन धार काढायला माणूस येणार होता, गिरण बंदच होती, म्हणून गेले. हेडसरांनी यादी वाचली. नऊ दिवस गैरहजर, वह्या कोऱ्या, दप्तरात मोबाईल, आणि डोक्यावर केस असे की मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही. पहिल्या तीन गोष्टींना मी ठरल्याप्रमाणं मान हलवली. चौथीला राहवलं नाही. पोराचं मनगट धरलं, तिथनं थेट न्हाव्याकडं नेलं, खुर्चीशेजारी उभी राहून कान दिसेपर्यंत कापायला लावलं आणि अर्ध्या तासात परत हेडसरांपुढं उभं केलं. मोबाईल माझ्या कमरेला. हेडसर म्हणाले, असे पालक चार जरी मिळाले तरी शाळा सुधारेल. (हे त्यांनी म्हणायला नको होतं. मला चढलं.)

मला वाटलं, आता हे पोरगं गिरणीकडं फिरकायचं नाही. तर आठवड्यात आणखी दोघं आली, मग चौघं. पोरांनी सरळ विचार केला होता. बापाला नेलं तर कमरेचा पट्टा निघतो, मावशीला नेलं तर नुसतं तोंड निघतं. डिसेंबर लागला तेव्हा मी अकरा पोरांची मावशी झाले होते, त्यात पाच पोरी. एकदा तर एकाच सकाळी तिघांची मावशी म्हणून तीनदा आत गेले. तिसऱ्या वेळी हेडसरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हाला एकंदर बहिणी किती?" मी म्हटलं, "सर, बहिणी मोजू का पोरं शाळंत आणू?" त्यांनी चष्मा परत लावला आणि पुढची तक्रार वाचायला घेतली.

मग मी गिरणीचा नियम काढला. जे पोरगं शाळेत आलं नाही, त्याच्या घरच्या डब्याचा नंबर शेवटी. नववीच्या वर्गाच्या रेश्मा बाई रोज गैरहजर पोरांची नावं चिठ्ठीवर लिहून पाठवायच्या. माझा चष्मा पिठानं भरलेला, म्हणून विश्वजित (हो, तोच, आता वर्गाचा मॉनिटर) ती मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मी डबे मागं सरकवायचे. दुपारी लाईट गेली की मागचे डबे तसेच राहायचे. ज्या घरी पीठ पोचलं नाही त्या घरी संध्याकाळी चौकशी व्हायचीच, ती मला करावी लागत नव्हती. खालच्या आळीची राहीबाई तावातावानं आली, "नात शाळंत गेली न्हाई म्हणून माझ्या म्हाताऱ्यानं उपाशी निजायचं व्हय गं?" मी म्हटलं, व्हय. ती पोत्यावर बसली, मीही बसले, तिच्याच डब्याला टेकून. मग तिनं कारण सांगितलं. सून रोजगाराला जाते, धाकटं बाळ सांभाळायला साक्षीला घरी ठेवावं लागतं. मी म्हटलं, मग बाळ तू सांभाळ, तुला काय गणिताचा पेपर हाय? दुसऱ्या दिवशी म्हातारी बाळाला काखेत घेऊन साक्षीला फाटकापर्यंत सोडायला आली. अमृत, खोटं सांगत नाही, जानेवारीत नववीच्या वर्गात रिकामा बाक शोधावा लागत होता. सगळ्यांचे केस बारीक, वह्या भरलेल्या. शाळेनं ठरवलं की सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं मला नारळ द्यायचा. मी दाजींना सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही, तरी दोनदा सांगितलं.

पंचवीस तारखेला रेश्मा बाई स्वतः गिरणीवर आल्या, लवकर या म्हणून सांगायला. जाता जाता म्हणाल्या, "ऋषिराजचं पोट आता कसं आहे?" मी म्हटलं, त्याच्या पोटाला काय झालंय, कालच चार भाकरी खाल्ल्या. बाई पोत्यावर टेकल्या. मग पर्समधनं अर्ज काढला. पोटात दुखत असल्यामुळे रजा मिळावी, आणि खाली माझी सही. (अकरा पोरांच्या कागदांवर मी इतक्या सह्या केल्या होत्या की आता ती कुणालाही काढता येत होती.) सतरा दिवस, अमृत. रोज दहाला डबा-दप्तर घेऊन घरातनं निघायचा, साडेपाचला परत यायचा, आणि शाळेत पायच नाही. बाई रोज चिठ्ठीत त्याचं नाव लिहीत होत्या आणि विश्वजित वाचताना तेवढंच गाळत होता. त्याला धरलं तर म्हणतो, "तुमच्याच घरातलं हाय, तुमाला ठावं असंल म्हणलं. आन मी वाचलं असतं तर डबा कुणाचा मागं सारला असता तुमी?" त्या रात्री मी जेवताना काही बोलले नाही. तुझ्या दाजींनी दोनदा विचारलं, ताप आलाय का.

सकाळी सातला पोरगं इस्त्रीचा गणवेश घालून झेंडावंदनाला म्हणून निघालं. मी मागनं. ते शाळेकडं वळलंच नाही, पाझर तलावाच्या रस्त्याला लागलं. मी बाभळीआडनं बघत होते, तोंडात एकेक शब्द तयार करून ठेवला होता (ते इथं लिहीत नाही, पत्र राणीपण वाचणार). तलावाच्या भरावावर त्यानं दप्तर ठेवलं. मी पायातली चप्पल हातात घेतली, पुढं झाले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शाळेच्या भोंग्यावरनं राष्ट्रगीत सुरू झालं. पोरगं तिथंच सावधान. समोर कोण, तर पाणी आणि दोन बगळे. आता माणसानं काय करावं? राष्ट्रगीत चालू असताना शिव्या देता येत नाहीत. मीही उभी राहिले, चप्पल हातात तशीच. एरवी ते लहान वाटतं, त्या दिवशी लय लांब वाटलं. मला त्याची पाठ दिसत होती. सदरा खांद्यात तोकडा झालेला. दोन वर्षांत पोरगं वीतभर वाढलं आणि दुसऱ्या अकरांचे केस बघण्यात मला ते दिसलंच नव्हतं. जय हे झालं. तो वळला, मला बघितलं आणि पहिल्यांदा हातातल्या चपलेकडं बघितलं. मी चप्पल पायात घातली.

मग भरावावर बसून त्याची वही बघितली. मला वाटलं होतं पोरगं पत्ते कुटत असेल, मोबाईल बघत असेल. तर वहीत सतरा दिवसांच्या तारखा, आणि प्रत्येक दिवसाखाली तास. पहिला तास गणित, दुसरा मराठी, मधली सुट्टी, शास्त्र. घड्याळ लावून एकटा शाळा भरवत होता, शनिवारी सकाळची. पी.टी.च्या तासाला तलावाला दोन फेऱ्या. अडलेल्या गणितांपुढं फुल्या होत्या, कारण विचारायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, एवढं सगळं करतोस तर शाळंत बसून कर की. तवा बोलला. "आत्ती, वर्गात मी आलो की सगळी गप बसत्यात. म्हणत्यात, ह्येच्यापुढं बोलू नगा, गिरणीत सांगंल." त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं, सांगत होता विश्वजित. पण भाचा माझा होता. मग खाली बघून आणखी एक सांगितलं. डिसेंबरातल्या पालक सभेत नाव पुकारलं की पालकानं उभं राहायचं होतं. मी अकरांसाठी उभी राहिले. ऋषिराजचं नाव आलं तेव्हा मी दारात साक्षीच्या वहीवरनं बाईंशी वाद घालत होते. दोनदा नाव पुकारलं. त्यानं स्वतःच उठून सांगितलं, "माझं कुणी आलं न्हाई," आणि बसला. मी त्याच खोलीत होते, अमृत.

नारळ राहिला. (नंतर पाठवून दिला, त्याची चटणी केली.) मी चिठ्ठी बंद केली, डबे आता आले त्या नंबरानं दळते. अकरा घरांना निरोप धाडला की मावशी दमली, आता आपापलं माणूस आणा. आणि गड्या, आली माणसं. राहीबाई बाळासकट जाऊन हेडसरांपुढं बसते आणि त्यांनाच प्रश्न विचारते. विश्वजितचा बापू तुमच्या सांगलीकडच्या रानात मेंढरं बसवून होता, तिथनं घोंगडं खांद्यावर टाकून आला, ऑफिसात खुर्ची दिली तर भुईवर बसला आणि पोराची एकेक वही उघडून बघत राहिला. वाचता येत नाही, पण पान भरलंय का कोरं ते कळतं. विश्वजित तिथंच रडला. दुसऱ्या दिवसापासनं तो ऋषिराजच्या बाकावर बसायला लागला. मी सांगितलेलं नाही. सांगणार होते, जीभ चावली. ऋषिराज तेव्हापासनं रोज जातोय, एक दिवस चुकला तो खऱ्या तापानं, मी कपाळाला हात लावून बघितलाय. फुल्या मारलेली गणितं मधल्या सुट्टीत पाच-सहा पोरं मिळून सोडवतात. परवा त्याच्या हसण्याचा आवाज गिरण चालू असताना ऐकू आला.

तर असं आहे. काळजी करू नकोस, पोरगं सरळच होतं, आणलंस तेव्हाही. राणीला आशीर्वाद, सोनियाला पापा. दाजींचा काही निरोप नाही, हेही त्यांच्या वतीनं कळवते.

तुझी,
हरणाआक्का

ता.क. हळद पाठवू नकोस, मागची शिल्लक आहे.

आणखी ता.क. खोट्या सहीचे सतरा दिवस अजून मिटलेले नाहीत. हेडसर म्हणतात, बापानं समोर येऊन हमीपत्रावर सही केली तरच वार्षिक परीक्षेला बसवू. आत्ती चालणार नाही, मावशी तर मुळीच नाही. ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला पालक सभा आहे. विट्यावरनं येणारी पहिली एसटी धरलीस तर पोचतोस. नाव पुकारलं की उभं राहायचं, एवढंच काम आहे.

शेवटचं. मी ऋषिराजला सांगून बसले आहे की पपानं आपणहून फोन करून सभेची तारीख विचारली आणि येतो म्हणाला. तेव्हा आल्यावर ह्या पत्राचं नाव काढू नकोस. आणि रजा मिळत नाही असं कळवायचं असेल, तर मला कळवू नकोस, मी ऐकणार नाही. संध्याकाळी सातला तो घरी असतो, त्यालाच फोन करून सांग.