मरळीला ढिली दोरी

मुंजाजीमामा, जय भीम.

इसापूर धरणावर तुमी मला शिकवलं होतं, "मरळीनं गळाला लावलेला बेडूक धरला की झटका देऊ नको. दोरी ढिली सोड, गिळू दे, मग ओढ." मी घाईनं ओढलं. मासा सुटला, अन् चार लोकांत मी म्हणालो, "मामाचा गळच बोथट हाये." त्यानंतर सहा वर्षं तुमी धरणावर आले न्हाईत.

काल मी दोरी ढिली सोडली. मोठी मरळ लागली. ती घेऊन बाळापूरला तुमच्या दारात आलो. मामी म्हणाली, "केवढी मोठी मरळ!" आतून तुमी विचारलं, "कोणी धरली?"

तुमचंच बराबर होतं, एवढंच सांगायचं होतं. पण मी म्हणालो, "बाजारातून आणली."

हे पत्र टाकायची हिंमतबी होऊन न्हाई राहिली.

तुमचा भाचा,
भीमराज