चौकशी अहवालातील ‘पत्नीसह वास्तव्य’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. निवासी दाखला अधिकारी,
नागरी सेवा कार्यालय, तिसरा मजला.

विषय : उपरोक्त शेऱ्याचा खुलासा व मूळ विवाह दाखला परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ३ ऑक्टोबरचे नामंजुरीचे पत्र.

महोदय,

१. मी, खाली सही करणारा अर्जदार, वय चोपन्न, बाजाराजवळील वाहनतळावर पावत्या फाडण्याचे काम करतो. यापूर्वी मी शेजारच्या राज्यात सरकारी नोकरीत होतो. मला येथील न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करावयाचा होता व त्यासाठी सहा महिने येथे वेगळे राहत असल्याचा दाखला लागतो. आपले निरीक्षक दोनदा चौकशीस आले आणि दोन्ही वेळा ‘अर्जदार पत्नीसह सुखाने राहतात’ असे लिहून गेले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी दिसले ते लिहिले.

२. पहिल्या भेटीच्या वेळी मी कामावर होतो. पत्नी आदल्या दिवशी वकिलांच्या कागदांवर सही करण्यासाठी आली होती. वकील गावाला गेलेले निघाले, म्हणून ती थांबली. माझ्या खोलीची खिडकी मी आल्यापासून पुसलेली नव्हती, ते तिला बघवेना. निरीक्षक आले तेव्हा ती स्टुलावर उभी राहून काचा घासत होती. “आपण कोण?” असे त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, “मी यांची बायको.” दुसरे काय सांगणार? घटस्फोट होईपर्यंत ती आहेच. तिने त्यांना चहा दिला. ‘घर स्वच्छ’ असाही शेरा अहवालात आहे, तो खरा आहे.

३. मी फेरचौकशीची विनंती केली व आपण ती मान्य केली, याबद्दल आभारी आहे. त्या दिवशी पत्नी येथे नव्हती. परंतु जाताना ती तुटलेल्या चपला माझ्याकडे ठेवून गेली होती. मी त्या शिवून आणल्या होत्या. जिन्यात निरीक्षकांची पावले ऐकू आली आणि मी त्या घाईघाईने पलंगाखाली ढकलल्या. निरीक्षक बसले, लिहू लागले, आणि त्यांचे पेन निसटून नेमके पलंगाखाली गेले. “मी देतो, मी देतो,” असे मी म्हणेपर्यंत ते वाकलेही होते. त्यांनी पेन व चपला दोन्ही बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहिले. एकतीस वर्षे जिच्याबरोबर संसार केला तिच्या चपला मी चोरीच्या मालासारख्या लपवल्या होत्या. मला मान वर करता आली नाही.

४. खात्री करण्यासाठी निरीक्षकांनी शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, “वहिनी ना? आईचं आजारपण काढायला गेल्यात बिचाऱ्या. येतीलच आता.” बाई खोटे बोलल्या नाहीत. हे त्यांना मीच सांगितले होते. माझ्या सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली. “भाऊ, सासूबाईंना उतार पडला का?” असे बाई जिन्यात भेटल्या की विचारतात, आणि मी “आहे, जरा बरं आहे,” असे म्हणतो.

५. घर सोडून या राज्यात का आलो, असे आपल्या पत्रात विचारले आहे. तिकडे मी कौटुंबिक न्यायालयात शिपाई होतो. दाराशी उभे राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणे हे माझे काम. माझा आवाज जिन्याखालच्या कँटीनपर्यंत जाई, याचा मला अभिमान होता. पुकारा झाला की नवरा-बायको खाली मान घालून आत जात. मग आम्ही कँटीनमध्ये ‘याचं काय बिनसलं असेल’ यावर हसत असू. मीही हसलो आहे. एके संध्याकाळी जेवताना पत्नी म्हणाली, “मला वेगळं व्हायचंय. भांडण काही नाही. पण तुम्ही घरात असता तेव्हाही मी एकटीच असते.” मी “बरं” म्हणालो. ती वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, “फक्त आपल्या कोर्टात नको.” ती म्हणाली, “एवढंच सांगायचं होतं तुम्हाला?” मी ताट उचलून उठलो. तिने माझे ऐकले. मी नोकरी सोडून इकडे आलो, आणि माझी लाज झाकली जावी म्हणून ती तिकडे बहिणीच्या घरी, बाहेरच्या खोलीत, घटस्फोट लांबत गेल्याने अडकून पडली. तिने शाळेजवळ स्वतःसाठी जागा पाहिली होती. ती जागा याच काळात दुसऱ्या भाडेकरूला गेली. मला हे तिने सांगितले नाही. तिच्या बहिणीने सांगितले.

६. तरी शेरा बदलण्याची माझी विनंती आता राहिलेली नाही. दाखल्याचा अर्ज मी मागे घेत आहे. घटस्फोटाचा अर्ज तिकडच्याच न्यायालयात करण्याचे मी ठरवले आहे. माझ्या जागी आलेला शिपाई मीच शिकवून तयार केलेला आहे. तो मला पाहून आवाज खाली घेईल, अशी भीती वाटते. काल पत्नीला फोन करून हे कळवले. ती म्हणाली, “पहिल्यांदाच आपणहून फोन केलात.” या वेळी मी फोन ठेवला नाही. आम्ही बराच वेळ बोललो. निर्णय तोच आहे.

आपल्या कार्यालयात जमा केलेला मूळ विवाह दाखला कृपया या आठवड्यात परत मिळावा. त्याची दुसरी प्रत आम्हा दोघांकडेही नाही आणि तो तिला तिकडच्या अर्जासाठी लागणार आहे. निरीक्षकांना झालेल्या त्रासाबद्दल व शेजारच्या बाईंना खोटे ठरवावे लागल्याबद्दल क्षमा असावी. बाईंना मी आज संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे.

आपला नम्र व ओशाळलेला,

(सही)
अर्जदार
खोली क्र. ७, दुसरा मजला, छापखान्यामागील गल्ली
दिनांक : १९ ऑक्टोबर

सोबत :
१) नामंजुरीच्या पत्राची प्रत
२) विवाह दाखला जमा केल्याची पोच
३) महिनाअखेर खोली सोडत असल्याबाबत घरमालकांचे पत्र