न्हाणीचा झरोका

रविवार, ७ डिसेंबर
आलो एकदाचे! लिंबायतची ही खोली लहान आहे, पण आमची दोघांचीच. लग्नाला चार महिने झाले. तोवर मी धरणगावला सासूबाईंच्या हाताखाली आणि हे इथे सुरतेत साच्यांवर, कापड विणायला. आता रात्रपाळी करून आले की यांना गरम पाणी मिळणार, कारण न्हाणीत चक्क गॅसचा गिझर आहे! बाटला बाहेर गॅलरीत, आणि धुराचा पाइप वरच्या झरोक्यातून बाहेर काढलेला. मी आज दोनदा अंघोळ केली. इथे कोण बोलणार आहे मला?

बुधवार, १० डिसेंबर
शेजारी वैशाली राहते. नवरा कडोदऱ्याला मिलमध्ये, आठवड्याने येतो. बाई देखणी, हे कबूल. घरबसल्या साड्यांचे धागे कापायचं काम मला तिनेच मिळवून दिलं. पण यांना सरळ ‘हेमराजभाई’ म्हणते, आणि यांची पाळी कधी बदलते ते माझ्याआधी तिला ठाऊक! तिच्या न्हाणीचा झरोका आमच्या झरोक्यासमोरच, मध्ये हातभर बोळ. कपडे धुताना ती गाते. आज हे अंघोळीला गेले आणि आतून तिच्या सुरात यांचा सूर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोळ्या करपल्या.

शनिवार, १३ डिसेंबर
कोंबला बोळा झरोक्यात. साड्यांच्या चिंध्या घरात ढीगभर आहेत. पाइप आड येत होता, तो ओढून आत वळवला. आता गा म्हणावं.

संध्याकाळी बया दारात हजर. म्हणाली, मयुरीभाभी, झरोका बुजवू नका. गिझर न्हाणीतली हवा ओढतो, आणि धूर कोंडला तर माणूस आतच आडवा होतो. वास येत नाही, कळतही नाही. वर, हेमराजभाईंनाही सांगा म्हणाली. बरी काळजी! आणि बोळा हिला दिसला कसा? म्हणजे बघत असते! गोड बोलून झरोका उघडायला लावते, मी काय दूधखुळी आहे? यांना मी काहीएक सांगितलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर
काल तिने हांडवो दिला. आम्ही दोघांनी खाल्ला. आज अंघोळ झाल्यापासून माझं डोकं ठणकतंय, मळमळतंय. यांचंही डोकं धरलंय. काय घातलं होतं त्यात मेलीनं?

मंगळवार, १६ डिसेंबर
न्हाणीत ती होती. वाफेत, माझ्या पाठीशी. वळले तर कोणी नाही. गुडघ्यातलं बळच गेलं. रांगत बाहेर आले. गॅलरीत बसल्यावर जरा बरं वाटलं. म्हणजे ती न्हाणीतच असते. करणी आहे ही. माझा नवरा मी देणार नाही तिला. मेले तरी नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर, सकाळ
हे आले. अंघोळीला गेले. पाणी पडतंय. आज गुणगुणणं नाही. बोळा काढून तिचं गाणं ऐकत असतील, कान लावून. ऐका. मी हाक मारणार नाही. चहा उकळून आटला.

फार वेळ झाला –

माझंच डोकं फिरलंय की –

खिडकीत गेले. वैशाली खाली आहे. भाजीच्या लारीवर मेथी घेतेय. बऱ्याच वेळची उभी दिसते.

मग हे आत कोणाचं –

हाक मारली. ओ देत नाहीत. नुसतं पाणी. कडी आतून. अहो –