बाबांचा हात

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात आज पेपरात आली. मजकूर मी एआयकडून लिहून घेतला होता. शाळेत आम्ही शिक्षिका आता प्रश्नपत्रिकाही त्याच्याकडूनच काढून घेतो, सोपं पडतं. आधी मी वापरायला भ्यायचे, काहीतरी चुकीचं लिहील म्हणून.

आणि लिहिलंच की! "रोज निजताना आमच्या डोक्यावरून मायेने हात फिरवणारे बाबा." हुपरीत चांदीचे पैंजण आचेवर जोडून जोडून बाबांचा हात भाजलेला, खरखरीत. तो आमच्या डोक्यावरून कधीच फिरला नाही. वाक्य काढणार होते मी. का नाही काढलं? वाचायला बरं वाटलं म्हणून?

दादा वाचून रडला. आईला मी सांगितलं, "अगं, हे खरं नाही. मशीननं लिहिलंय." तर ती माझ्यावरच ओरडली, "तुला काय आठवतंय? फिरवायचे की रोज!"

चुकेल, याची भीती होती. चुकलं आणि घरात कुणालाच ती चूक वाटली नाही, तर काय करायचं?

मघापासून डोळे मिटले की तो खरखरीत हात माझ्या केसांत अडकतोय. आणि मला नको म्हणवत नाही.