गार पडलेलं पॅड

तंजावूर, शुक्रवार

प्रिय विनुता,

तुला ओरत्तनाडूला माहेरी जाऊन आज नऊ दिवस झाले. कोंबडीची उरलेली बावीस पिल्लं बरी आहेत. तुझा उबेचा लाल दिवा पुन्हा लावलाय, पाणी मीच बदलते.

त्या दिव्यावरून मी सासूपणा करून तुला किती बोलले! अडीचशे वॅटचा, अष्टौप्रहर चालू, म्हणजे दिवसाला सहा युनिट. वहीत मीटरचा आकडा लिहिताना जीव खाली-वर व्हायचा. पिल्लांचं वेगळं पॅड मिळतं, चाळीस वॅटचं, दिवसाला युनिटभरसुद्धा नाही, पुढच्या खेपेला घेऊ, असं तूच समजावलंस. मला कुठला धीर! यांचं पाठ शेकायचं पॅड कपाटात पडून होतं. विटांवर जाळी ठेवली, वर ते अंथरलं, दिवा काढला. "अत्या, माणसाच्या पाठीचं पिल्लांना कसं चालेल?" म्हणालीस. "मुलांना शाळेत शिकव, मला नको," म्हटलं मी.

त्याच दिवशी प्रदोष होता. पिल्लं पॅडखाली गुपचूप शिरलेली पाहून मी अकराच्या सुमारास तिरुवैयारूला देवळात गेले. दिवसभर पाऊस. दुपारी तू शाळेतून येऊन पाणी बदलून गेलीस, तेव्हा पॅड कोमट होतं म्हणालीस. संध्याकाळी मी परतले, तर सगळी पिल्लं कोपऱ्यात एकावर एक. खालची अठरा गेलेली. पॅड दगडासारखं गार.

माझ्या शिवराजने विचारलं, स्विच कुणी बंद केला? मी म्हटलं, दुपारी विनुताच आत गेली होती. तू एवढंच बोललीस, "मी हात लावला नाही." तो ओरडला, "मग काय अम्माने बंद केला?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघत राहिले. त्याच पावसात तू बस धरलीस.

परवा माझी पाठ धरली म्हणून तेच पॅड लावलं. दीड तासाने आपोआप गार. घड्याळ लावून पुन्हा पाहिलं, तसंच. माणूस झोपला तर भाजू नये म्हणून ते तसं बनवलंय. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, मी वाचलाच नव्हता.

पण नुसतं हे सांगायला लिहीत नाही. त्या संध्याकाळी स्विच चालूच होता, विनुता. मी पाहिला. शिवराजची गाडी दारात वाजली आणि माझ्या पॅडवर दोष येऊ नये म्हणून मीच तो बंद केला. त्याच बोटांनी मग देवापुढे दिवा लावला. तेव्हापासून देवघरात बसवत नाही. स्तोत्राच्या पुस्तकावरून मी तुला ही मराठी अक्षरं शिकवली. शिवराज मराठी बोलतो, पण तमिळ शाळेत शिकला, वाचता येत नाही त्याला. उद्या त्याच्याच हाती हे पत्र पाठवते आहे. तोंडाने सांगायला तीनदा त्याच्यासमोर गेले, तीनदा कॉफी देऊन परतले. तू त्याला समोर बसव आणि मोठ्याने वाच. माझी कीव करून स्विचची ओळ गाळू नकोस.

तुझीच,
भागीरथी अत्या