नाव घे, मग आत ये

लातूर,
२४ नोव्हेंबर १९९८

ती. आप्पादादांच्या चरणी,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. टाके सुकेपर्यंत तिला बादली उचलू देऊ नका. तुम्ही उचला, खडूच्या हातांना तेवढाच व्यायाम.

आता आईचं. दसऱ्याला तुम्ही तिला माझ्याकडं सोडलंत तेव्हा ती विसरायची, पण घरात वावरायची तरी. मग आमच्या ह्यांनी कोचिंगच्या पोरींना आणखी खोल्या द्यायच्या म्हणून दुसरा मजला काढला. सगळी गल्लीच मजले चढवून राहिली, आम्ही बरं मागं राहू! स्लॅबचं मशीन लागलं, घर थरथरलं, अन् आई जी अंगणात पळाली ती आत आलीच नाही. तिच्या लेखी किल्लारीचा भूकंप कालच झाला. काम थांबवलं, तरी छताखाली पाऊल टाकत नाही. पत्र्याच्या आडोशाला बसून असते. मला म्हणते, बाई, घर चांगलंय तुमचं, पण मला नको. मी तिची लेक, हेच तिला ठाऊक नाही. दादा, लई तुटतं हो आतून.

थंडी पडली, खोकला छातीत उतरलाय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की अशी उघड्यावर राहिली तर ही थंडी ती काढणार नाही. ओढून आत आणावं तर घाबरून तिचा श्वास कोंडतो. या आजारात नवं पुसतं पण जुनं टिकतं, म्हणून ओळखीचे जुने आवाज टेपवर ऐकवा, मन थाऱ्यावर येईल, असं ते म्हणाले. फोटो तर आपले भूकंपात घराबरोबरच गेले. आमच्या सुकन्याचा इंग्रजी ऐकायचा टेप आहे. तुम्ही काहीतरी जुनं कॅसेटवर भरून पाठवा, पण लवकर.

लोभ आहेच, त्यातला वहिनीचा वाटा तिला पोचवावा.
आपली,
सिंधू

नांदेड,
२ डिसेंबर १९९८

चि. सौ. सिंधूस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बादल्या मीच उचलतो आहे. तुझी वहिनी खाटेवरून असे हुकूम सोडते की निजामाचा तहसीलदार परवडला.

तुझं पत्र वाचून मी रडलो, लपवत नाही. पण आता काळजी सोड. आई पहाटे दळताना ओव्या म्हणायची, आठवतं? आमच्या गल्लीतल्या तुळजाबाईंकडं अजून जातं आहे. त्यांना विनवून दळायला बसवलं अन् ओव्या भरून घेतल्या. घरघर खणखणीत यावी म्हणून टेप अगदी जात्याला टेकवून ठेवला होता. ऐकताना मलाच आपलं घर दिसलं. आईला आवाज मोठा करून ऐकव. साहेबरावांना नमस्कार, सुकन्याला अभ्यासाचा धपाटा.

तुझा,
आप्पा

लातूर,
९ डिसेंबर १९९८

ती. दादांना सा. न. वि. वि.

धन्य तुमची! ओव्या राहिल्या बाजूला, आधी जमिनीतून आल्यासारखी ती घरघर सुरू झाली. किल्लारीच्या वेळी जमीन कशी गुरगुरली होती ते विसरलात? आई किंचाळत उठली, भूकंप आला, पोरींनो भाईर पळा म्हणून. वरच्या सगळ्या पोरी पुस्तकं टाकून खाली, त्यांचं बघून शेजारची पोरं खाली, अन् घटकाभरात अख्खी गल्ली रस्त्यावर! एकाच्या हातात तर कंपास तसाच. नंतर सगळे हसले, मी नाही हसले. आता आई पत्र्याखालीही बसत नाही, थेट फाटकाशी जाऊन बसली आहे. काल तिला ताप होता.

चिडून लिहिते आहे, पण तुमच्याशिवाय चिडू कुणावर? दुसरं काहीतरी पाठवा. दळणकांडण नको, माणसाचा आवाज पाठवा.

रागासकट लोभ असावा.
सिंधू

नांदेड,
१६ डिसेंबर १९९८

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

शाळेत पोरांना अक्कल शिकवतो म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो. तुझी वहिनी त्या जात्यावरून अजून मला दळते आहे.

रविवारी लोह्याला गुरम्मा आत्याकडं गेलो. बाबांची पाठची बहीण, आईची एकुलती नणंद. तिचा आवाज आई विसरणार नाही असं वाटलं. टेप समोर ठेवला तर आत्या डोक्यावरून पदर घेऊन बसली, परक्या माणसापुढं बसावं तशी. बोल म्हटलं तर बोलेना. मग मी सांगितलं की वहिनी तुझी दाराबाहेर थांबलीय, आत येईना. तर म्हातारी उसळली. म्हणाली, येईल कशी? नाव घेतल्याबिगर आत घेतली न्हाई तिला मी. लग्नाच्या दिवशी दार अडवून हुबी होते, लई लाजत होती. अन् टेपकडं वळून जे दरडावलं ते कॅसेटवर आहे. आवाज यावेळी बारीक ठेव.

आईला अंग शेकून दे. काय होईल ते तार करून कळव.
तुझा,
आप्पा

लातूर,
४ जानेवारी १९९९

ती. दादांना कृ. सा. न. वि. वि.

आई आत आहे हे तारेत कळवलंच होतं, आता सविस्तर.

टेप दारामागं ठेवला, आईला हात धरून उंबऱ्याशी आणलं. आतून आत्याचा आवाज आला: ए नवरी, नाव घे, मग आत ये. आई थबकली. पदर सारखा केला, मान खाली घातली, अन् दादा, खरंच लाजली हो! अगदी हळू म्हणाली: हिरव्या हिरव्या तुरीला पिवळं पिवळं फूल, नरसिंगरावांचं नाव घेते, सोडा वाट, पेटवते चूल. बाबांचं नाव तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. उंबरा ओलांडून ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच दाराला टेकून रडले.

बाहेर गेली की पुन्हा यायला बिचकायची, पुन्हा कॅसेट लावायची, असं चाललं. ताप उतरला, खोकलाही गेला. मग परवा टेपनं रीळ खाल्लं. आई उन्हाला बाहेर बसलेली अन् इकडं कॅसेटचा गुंता! पेन घालून फिरवलं, काही उपयोग नाही. शेवटी मीच दारात आडवा हात धरून उभी राहिले अन् आत्यासारखं दरडावलं की नाव घे, मगच आत ये.

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, लाज न्हाई वाटत सिंधे? नणंदेनं अडवायचं असतंय. लेकीनं अडवायचं असतंय व्हय आईला?

माझा हात बाजूला सारून ती आत गेली.

आपल्या लोभाला मी पुरून उरेन, तो कमी करू नये.
आपली,
सिंधू